दुसऱ्यांची कला पाहून स्वतःचे भरतकाम : काय घ्यावे, काय टाळावे

नवी मुंबईतल्या करावे गाव, सीवूड्स, नेरुळ, बेलापूर या पट्ट्यात भरतकाम करणाऱ्या अनेकजणी आहेत. कोणी लग्नाच्या ब्लाउजवर आरी वर्क करून देतात, कोणी रिंगमध्ये कापड ताणून त्यावर चित्र भरतात, कोणी आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. या सगळ्यांच्या बोलण्यात काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मोबाइलवर पाहिलेले डिझाइन भरले तर चालते का? ते विकता येते का? प्रदर्शनात मांडताना नाव कोणाचे लिहायचे? आणि सर्वांत अवघड प्रश्न : इतके सुंदर काम पाहून झाल्यावर स्वतःचे म्हणून काही सुचतच नाही, त्याचे काय करायचे?

दुसऱ्यांचे काम पाहणे थांबवू नका, हे आधी सांगतो. पाहिल्याशिवाय हात तयार होत नाही. मात्र पाहण्याची एक पद्धत असते, आणि पाहिलेले वापरण्याचे काही नियमही आहेत. कायदा इथे निर्णयाला लागेल तेवढाच दिला आहे.

पहिले पाऊल : काम कशासाठी, ते ठरवा

सुई हातात घेण्यापूर्वी पुढीलपैकी एक पर्याय निवडा. उरलेले बरेच निर्णय त्यावरच अवलंबून असतात.

- सरावासाठी किंवा घरासाठी : दुसऱ्याचे काम जसेच्या तसे भरून पाहिले तरी हरकत नाही. कॉपीराइट कायदा खासगी वापर आणि अभ्यास यांना मुभा देतो. हात बसवण्याचा हा जुना आणि चांगला मार्ग आहे.
- समाजमाध्यमांवर दाखवण्यासाठी : इथे काम खासगी राहत नाही. मूळ कलाकाराचे नाव ठळक लिहा आणि शक्य असेल तर आधी विचारा.
- प्रदर्शन किंवा स्पर्धेसाठी : रचना तुमचीच हवी. ‘स्वनिर्मित’ असे लिहून सही करताना ते खरे असले पाहिजे.
- विक्रीसाठी किंवा ऑर्डरसाठी : रचना स्वतःची, हक्कमुक्त किंवा लेखी परवानगी घेतलेली असावी. चौथा मार्ग नाही.

काय घेता येते, काय घेता येत नाही

कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. कल्पनेवर किंवा विषयावर कोणाचा हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. भरतकामाला ते असे लागू होते.

मोकळेपणाने घ्या :

- टाके : साखळी, धावदोरा, काजटाका, गाठीचा टाका, हेरिंगबोन. टाका कोणाच्या मालकीचा नसतो.
- तंत्र : कापडावर कापड लावणे, दोरे लोंबते ठेवणे, छायाचित्र कापडावर छापून त्यावर भरणे.
- विषय : पक्षी, होडी, आई, स्वयंपाकघर, शहर.
- रंगांबद्दलची समज : फिक्या पार्श्वभूमीवर एकच गडद रंग कसा बोलतो, यासारखी.

परवानगीशिवाय घेऊ नका :

- विशिष्ट चित्राची किंवा भरतकामाची संपूर्ण रचना, मग ती उलटी फिरवलेली असो की रंग बदललेली.
- दुसऱ्याने काढलेले छायाचित्र. फ्लेमिंगोवर छायाचित्रकाराचा हक्क नसतो, पण त्या फ्लेमिंगोच्या फोटोवर असतो. फोटोवरून छापा काढून भरलेले काम विकायला काढले, की अडचण सुरू होते.
- विकत घेतलेल्या किटमधला नमुना. बहुतेक किट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात, म्हणून वेष्टनावरची अट वाचा.

जुन्या चित्रांसाठी हिशेब सोपा आहे. कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो आणि ही वर्षे पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले आणि अमृता शेरगिल १९४१ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांची चित्रे हक्कमुक्त आहेत. जामिनी रॉय १९७२ मध्ये गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०३२ अखेरपर्यंत आहे. वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले, त्यांचा २०६१ अखेरपर्यंत. एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांचा २०७१ अखेरपर्यंत. हुसेन यांचे घोडे साडीच्या पदरावर भरून विकणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

कोणाचे काम पाहाल आणि त्यात काय शोधाल

मोबाइलवर शेकडो कामे झरझर पाहिली की डोळ्यांत फक्त ‘छान’ उरते. त्याऐवजी मोजके कलाकार निवडा आणि प्रत्येकाकडे एकच प्रश्न घेऊन जा.

- माधवी पारेख आणि चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट. प्रश्न : चित्राची रेषा टाक्यात कशी येते? मुंबईतील ही शाळा २०१६ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसमधील डिओर या फॅशन कंपनीच्या सादरीकरणासाठी मनू आणि माधवी पारेख यांच्या चित्रांवरून भव्य भरतकाम झाले, ते या शाळेच्या कारागिरांनी केले. माधवीताईंचे बालपण गुजरातमधल्या खेड्यात गेले. तिथल्या लोककथा, रांगोळी आणि भरतकाम त्यांच्या चित्रांत उतरले आणि ती चित्रे पुन्हा भरतकामात गेली. त्या कामाची छायाचित्रे पाहताना टाक्यांची दिशा बघा. आकार भरताना दोरा कुठे आडवा, कुठे गोल फिरतो, यावरच त्या आकृतीचा जिवंतपणा ठरतो.
- अर्पिता सिंग. प्रश्न : बंगालच्या कांथा भरतकामाची शिस्त चित्रात कशी जाते? त्यांनी विणकर सेवा केंद्रात काम केले. त्यांच्या चित्रांतली भरगच्च किनार आणि रिकामी जागा न सोडणारी मांडणी पाहताना कांथा आठवतो. भरतकाम करणाऱ्यांनी तीच वाट उलट दिशेने चालून पाहावी.
- वरुणिका सराफ. प्रश्न : टाका गंभीर विषय पेलतो का? ‘वी, द पीपल’ या मालिकेत त्यांनी देशाच्या इतिहासातल्या घटना आणि माणसे छोट्या कापडांवर भरली. फुलापानांपलीकडे जाण्याचे धैर्य हवे असेल, तर हे काम जरूर पाहा.
- प्रिया रविश मेहरा. प्रश्न : दुरुस्ती हीच कला होऊ शकते का? २०१८ मध्ये निधन झालेल्या या कलाकाराने रफूगरांच्या कामाचा दीर्घ अभ्यास केला आणि रफू हाच स्वतःच्या कलेचा गाभा केला. घरात फाटलेली गोधडी असेल, तर त्यांच्या कामानंतर तुम्ही तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहाल.
- फ्रान्समधील बायोचा भरतपट. प्रश्न : किती कमी साधनांत काम होते? ११ व्या शतकातला हा सुमारे ७० मीटरचा पट लिननच्या कापडावर लोकरीने भरलेला आहे. मोजके टाके आणि मोजके रंग एवढ्यावर त्यात एक संपूर्ण युद्ध उभे राहते. दोऱ्यांचा मोठा डबा नाही म्हणून अडून बसलेल्यांना हे मोठे उत्तर आहे.

करावेहून कुठे जाल

पडद्यावर टाक्याची जाडी, दोऱ्याची चमक आणि कापडाची ओढ कळत नाही. म्हणून प्रत्यक्ष पाहा. निघण्यापूर्वी सुटीचा दिवस आणि वेळ मात्र तपासून घ्या.

- अर्बन हाट, सीबीडी बेलापूर : सिडकोचे हे ठिकाण अगदी जवळचे. वेगवेगळ्या राज्यांचे कारागीर इथल्या मेळ्यांना येतात. गर्दी नसताना जा, कापड उलटे करून मागची बाजू पाहू द्याल का म्हणून विचारा आणि दोऱ्याचे टोक कसे बंद केले आहे ते बघा. काम आवडले तर एखादी छोटी वस्तू विकत घ्या. कारागिराचा वेळ फुकट नसतो.
- छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मुंबई : सीवूड्सहून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला जाते. कापडाच्या दालनात उजेड मंद असतो, कारण प्रकाशाने रंग उडतात. डोळे सरावेपर्यंत थांबा. फोटोची परवानगी असली तरी फ्लॅश वापरू नका.
- डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळा : १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय जुन्या कारागिरीसोबत आजच्या कलाकारांची प्रदर्शनेही मांडते. कुर्ल्याला गाडी बदला.
- राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जहांगीर कला दालन आणि काळा घोडा परिसर : सगळे पायी फिरण्यासारखे आहे. हिवाळ्यात, विशेषतः काळा घोडा महोत्सवाच्या सुमारास, पाहायला भरपूर असते.
- घरबसल्या : लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कने २०२१ मध्ये सुरू केलेली ‘स्टिच बँक’ विनामूल्य आहे. एकेक टाका चित्रांसह शिकवलेला आहे.

पाहिलेले कसे टिपाल

प्रभाकर बरवे यांचे उदाहरण घ्या. रायगडमधील नागावचे हे चित्रकार १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात होते. नोकरीच्या निमित्ताने वाराणसीत असताना त्यांच्यावर तांत्रिक चित्रांचा मोठा प्रभाव पडला. तो त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत उघड दिसतो. पुढे तो विरत गेला आणि साध्या वस्तू आणि मोकळा अवकाश यांची त्यांची स्वतःची भाषा घडली. हे घडत असताना ते सतत लिहीत होते. त्यांच्या डायऱ्या आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक त्याची साक्ष आहेत. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत : प्रभावाला घाबरू नका आणि त्याची नोंद ठेवा.

तुमच्या वहीत प्रत्येक कामासाठी एवढे लिहिले तरी पुरे :

१. कलाकाराचे नाव, कामाचे नाव, कुठे आणि कधी पाहिले.
२. नजर पहिल्यांदा कुठे थांबली?
३. तसे का झाले असावे : रंग, टाका, रिकामी जागा की विषय?
४. यातली कोणती एक गोष्ट मी माझ्या कापडावर करून पाहीन?

शेजारी हातानेच छोटे रेखाटन करा. फोटो चिकटवला तर पुढे त्याचीच नक्कल होते, रेखाटनात मात्र तुमची निवड येते. ही वही पुढे वाद झाला तर पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

पाहिलेल्यापासून स्वतःच्या कापडापर्यंत : सहा टप्पे

उदाहरणासाठी करावेचाच विषय घेऊ : खाडी आणि फ्लेमिंगो. हा विषय या भागातल्या प्रत्येकीला भरावासा वाटतो आणि म्हणूनच सगळ्यांचे काम एकसारखे दिसते.

१. स्वतः जाऊन पाहा. हिवाळ्यापासून मेपर्यंत, भरतीच्या वेळी, टी. एस. चाणक्य किंवा डीपीएस शाळेजवळच्या पाणथळीवर हे पक्षी विसाव्याला येतात. लांबूनच पाहा. मोबाइलचा फोटो धूसर आला तरी तो तुमचा असतो.

२. इतरांनी न टिपलेले टिपा. सगळे पक्षी गुलाबी नसतात, पिल्ले करडी असतात. पंख उघडले की काळी पिसे दिसतात. छोट्या फ्लेमिंगोची चोच गडद असते, मोठ्याची फिकी गुलाबी आणि टोकाला काळी. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळे पेन्सिलींसारखी उभी असतात. खाडी म्हणजे नुसता पक्षी नव्हे. आगरी-कोळी घरातल्या असाल तर जाळ्याची वीण, होडीचा रंग, मिठागरांच्या चौकोनांच्या आठवणी हे तुमच्याकडे आधीच आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले कलाकार पराग तांडेल यांनी कोळी समाजाचे जगणे आणि अन्न हाच कलेचा विषय केला. आपले घर हा कलेचा विषय होऊ शकतो, हे त्यातून घ्या.

३. एका कलाकाराकडून एकच गोष्ट घ्या. उदाहरणार्थ, कांथ्यातून धावदोऱ्याच्या रांगा पाण्यासाठी, बायोच्या पटातून मोजक्या रंगांची शिस्त, रफूतून जुन्या कापडाला जोड देण्याची कल्पना. तीन ठिकाणांहून तीन गोष्टी आल्या, की परिणाम कोणा एकाची नक्कल राहत नाही.

४. छोटे नमुने भरा. दहा सेंटिमीटरच्या मांजरपाटाच्या तुकड्यांवर तोच पक्षी तीन प्रकारे करून पाहा : एकपदरी दोऱ्याने फक्त बाह्यरेषा, तीनपदरीने भरीव, आणि फक्त चिखल व पाणी भरून पक्ष्याची जागा कोरी. मोठ्या कापडावर चूक उसवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

५. संदर्भ बंद करून भरा. छापा कापडावर उतरला की मोबाइल आणि वही बाजूला ठेवा. अडाल तिथे स्वतः निर्णय घ्या. तुमची शैली याच निर्णयांतून तयार होते.

६. शेजारी ठेवून तपासा. पूर्ण झालेले काम आणि प्रेरणा देणारे काम एकत्र ठेवून घरातल्या तटस्थ माणसाला विचारा : “हे त्यावरून केले आहे असे वाटते का?” उत्तर ‘हो’ आले, तर ते सरावाचे काम समजा आणि विक्रीला काढू नका.

नेहमी होणाऱ्या चुका

- वारलीला ‘सार्वजनिक डिझाइन’ समजणे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रे तर त्यांची वैयक्तिक निर्मिती आहेत. ते २०१८ मध्ये गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०७८ अखेरपर्यंत आहे. वारली शैलीत काम करायचे असेल तर वारली कलाकाराकडून चित्र काढून घ्या, मोबदला द्या आणि नाव लिहा.
- मानांकनाचे नाव वापरणे. चिकन किंवा कसुतीचे टाके तुम्ही शिकू शकता. पण करावेत भरलेल्या कुर्त्याला ‘लखनौ चिकन’ म्हणून विकणे चूक आहे. ‘चिकनकारीच्या टाक्यांनी केलेले’ असे लिहा.
- मूळ सांगायला विसरणे. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मूळ न सांगता दाखवल्या. महाराष्ट्रातून तीव्र टीका झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. आपण ज्या न्यायाची मागणी केली, तोच दुसऱ्याला द्यायला हवा.
- ग्राहकाने दाखवलेला फोटो तसाच करून देणे. लग्नाच्या ब्लाउजसाठी हे रोज घडते. सांगा : “याची घडण आणि रंग लक्षात घेऊन मी तुमच्यासाठी वेगळी नक्षी काढून देते.” डिझायनरचे नाव जाहिरातीत मुळीच वापरू नका.
- सगळी प्रेरणा एकाच ठिकाणाहून घेणे. एकाच कलाकाराची कामे रोज पाहिली, की हात नकळत तिकडेच वळतो. दोन कामांमध्ये काही दिवस चित्रे, इमारती, भाजीबाजार पाहा, भरतकाम नको.

श्रेय कसे लिहाल

श्रेय दिल्याने परवानगीची गरज संपत नाही, पण श्रेय न देणे कधीच योग्य नाही. पुढील वाक्ये जशीच्या तशी वापरता येतील :

- सरावाचे काम : “मूळ रचना (कलाकाराचे नाव) यांची. सरावासाठी भरली, विक्रीसाठी नाही.”
- प्रेरित काम : “रचना माझी. पाण्याच्या टाक्यांची कल्पना बंगालच्या कांथ्यावरून.”
- एकत्र काम : “रेखाटन (नाव), भरतकाम (नाव).”

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इटालियन कलाकार अलिघिएरो बोएत्ती यांचे भरलेले नकाशे जगप्रसिद्ध आहेत, पण ते भरणाऱ्या अफगाण स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे कोणाला माहीत नाहीत. याउलट ज्युडी शिकागो यांनी १९७९ च्या ‘द डिनर पार्टी’सोबत सहकाऱ्यांची नावे फलकांवर मांडली. तुम्ही कारागिराकडून किंवा मैत्रिणीकडून काही भाग भरून घेत असाल, तर दुसरा मार्ग निवडा.

तुमचे हक्क

- हक्क आपोआप मिळतो. मूळ रचना तयार झाली की हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी असते. कलाकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे. ती रचना एखाद्या मालासाठी वापरायची असेल तर २,००० रुपये.
- नावाचा हक्क वेगळा. काम विकले तरी ‘हे माझे’ म्हणण्याचा आणि नाव खराब होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ नुसार तुमच्याकडे राहतो.
- वस्तू विकणे म्हणजे हक्क विकणे नव्हे. हक्क देण्यासाठी सही केलेला लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दुकानदाराने छापील कागद पुढे केला, तर ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द शोधा आणि पटत नसेल तर खोडायला सांगा.
- नोकरीत असाल तर : कामाचा भाग म्हणून केलेल्या रचनेचा हक्क साधारणपणे मालकाचा असतो. वेगळे हवे असेल तर सुरुवातीलाच लिहून घ्या.
- यंत्रावर अनेक नग काढणार असाल तर : डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करता येते. संरक्षण दहा वर्षांचे, पुढे पाच वर्षे वाढवता येते. नोंदणी न करता औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक नग काढले, तर त्या रचनेवरचा कॉपीराइटही जातो. अर्जाआधी डिझाइन जाहीर झालेले नसावे, म्हणून फोटो टाकण्यापूर्वी सल्ला घ्या.

तुमची नक्कल झाली तर

१. आधी पुरावा जमवा : वहीतली रेखाटने, काम सुरू असतानाचे तारखेसह फोटो, नकलेचे स्क्रीनशॉट.
२. शांत शब्दांत लिहून कळवा : मूळ काम, तारीख आणि तुमची मागणी. नाव हवे, काम काढून टाकायला हवे की मोबदला, ते स्पष्ट सांगा.
३. उत्तर आले नाही तर त्या समाजमाध्यमाच्या किंवा विक्रीच्या मंचाच्या कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरा.
४. रक्कम मोठी असेल तर वकिलामार्फत नोटीस द्या. जाहीर आरोप करण्याची घाई करू नका. दोघींनी एकाच खाडीवर एकच पक्षी पाहिलेला असू शकतो.

या महिन्यात सुरुवात म्हणून एवढेच करा : एक कलाकार निवडा, त्यांचे एक काम प्रत्यक्ष किंवा मोठ्या आकारात नीट पाहा, त्यातली एक गोष्ट वहीत लिहा आणि दहा सेंटिमीटरच्या कापडावर स्वतःच्या विषयात करून पाहा. खाली तुमचे नाव घाला आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांचेही लिहा.